कान बसल्याची जलेबी

१८ ऑगस्ट, सोमवार

यशश्री, आधी माफी मागतो. ही डायरी तू मला संक्रांतीला दिलीस आणि म्हणालीस, "आजोबा, दिवसभर जे कुरकुरता ते हिच्यात लिहा, आजीला जरा आराम." मी ती आज उघडतो आहे. अर्ध्याहून जास्त वर्ष कोरं गेलं. इतक्या उशिरा सुरुवात करणारा माणूस दिवाळीपर्यंत टिकेल का, ही शंका मलाही आहे. शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर पत्र्यावर खिळ्याने ओढल्यासारखं. तेव्हा तूही वाचू नकोस. इथून पुढे तुझ्याबद्दल लिहिताना 'यशश्री' असंच लिहीन, नाहीतर डायरीचं पत्र होईल.

आज लिहिण्याजोगं घडलं आहे. नात रेल्वेची परीक्षा पास झाली. इंजिनावर सहायक चालक! सचिन, माझा मुलगा, बातमी कळताच गोहलपुरहून धावत घरी आला. तिथे आमची पत्रेकामाची शेड आहे. धान्याच्या कोठ्या आणि लग्नात द्यायच्या पेट्या बनतात. जन्मभर मी ठोकल्या, आता तो ठोकतो.

आता फक्त यशश्रीची वैद्यकीय तपासणी उरली आहे. सचिन म्हणाला, "बाबा, वो तो बस नाम की. पोरगी ठणठणीत आहे." मला मात्र चैन पडेना. मी तिला अंगणाच्या टोकाला उभं केलं आणि कॅलेंडरवरच्या तिथी वाचायला लावल्या. सगळ्या वाचल्या. मग दात पाहिले, पायाचे तळवे पाहिले. अंजनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडली, "पोरगी नोकरीले चालली का बैलबाजारात?"

बायको आहे, बोलणारच. कानांचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

यशश्री या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपती पथकात ताशा वाजवते. आधी बासरी शिकत होती, बरीच वर्षं. माझ्या खुर्चीला टेकून वाजवायची. खरं सांगायचं तर त्या वाद्यात दम नव्हता. वरच्या सुरांना तर नुसती बोटं हलायची, आवाज नाहीच. मी म्हणायचो, "पोरी, जरा जोरात फुंक." मागच्या वर्षी तिने बासरी ठेवून दिली आणि ताशा घेतला. पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभी राहून वाजवला आणि मी उठून टाळ्या वाजवल्या. तिने वाद्य का बदललं, कोण जाणे. मी विचारलं नाही. अक्कल आली म्हणायची.

पावसामुळे यंदा सराव एका मंगल कार्यालयाच्या बंद हॉलमध्ये चालतो. आज तिथून आली तर कान धरून बसली.

"आजोबा, कानात शिट्टी वाजून राहिली. बंदच होत नाही."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आमच्या धंद्यात हा शुभशकुन मानतात. नवा कारागीर आला की पहिले काही दिवस त्याच्या कानात शिट्टी वाजते, डोकं भणभणतं. मग हळूहळू त्रास थांबतो. हात बसतो तसा कानही बसतो. कान बसला की उस्तादाने सगळ्यांना खव्याची जलेबी द्यायची, ही आमच्या शेडची रीत. माझा कान बसला तेव्हा माझ्या उस्तादाने दिली होती.

मी छत्री घेऊन निघालो आणि जलेबी आणली. "कान बसायला लागला!" सगळ्यांनी खाल्ली. यशश्री हसली, पण एक हात कानावरच होता.

२४ ऑगस्ट, रविवार

पथकाचा म्होरक्या गौतम याने मुलांना स्पंजाची बोंडं वाटली आहेत. कानात घालायची. मी यशश्रीला म्हणालो, "पदर तोंडावर घेऊन कोणी स्वयंपाक शिकतं का? काढ ती." तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोंडं खिशात ठेवली. माझं ऐकते पोरगी.

माझे स्वतःचे कान अजून उत्तम आहेत. हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, तेवढाच त्रास. आणि दारावरची घंटी बिघडली आहे. सचिनला दहादा सांगून झालं. तो म्हणतो, वाजते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आजचं लिहायला नको वाटतं, तरी लिहितो.

काल गणपती आले. यशश्रीने मिरवणुकीत संध्याकाळभर ताशा वाजवला, शिवाय पुढे डीजेची गाडी. आज सकाळी तपासणीचं पत्र आलं, बावीस सप्टेंबरची तारीख. सचिनने मोठ्याने वाचलं. डोळे, रक्त, आणि कान. कानही तपासणार! इंजिनावर सिग्नलची, शिट्टीची, वायरलेसची भाषा. ऐकू येत नसेल त्याला कोण घेणार?

पत्र ऐकता ऐकता यशश्रीचा हात डाव्या कानावर गेला. म्हणाली, "पप्पा, डाव्या कानात कापूस भरल्यासारखं वाटून राहिलं. कालपासून. मला वाटलं, बसेल."

'बसेल' हा शब्द तिने माझ्याकडे बघून म्हटला नाही. पण तो माझाच शब्द होता.

मी ताबडतोब लसूण घालून तेल गरम केलं. वाटी घेऊन गेलो तर ती उशीखाली डोकं लपवून ओरडली, "आजोबा प्लीज, तेल-बिल नको. डॉक्टरकडे चलो!"

देवा गजानना, पोरीची नोकरी जलेबीपायी घालवू नकोस.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सिविल लाइन्समधल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाव क्षमा, आपल्यापैकीच. सचिन येणार होता, पण मी हट्टाने गेलो. बाई फार स्पष्ट बोलतात. मला पाहताच तोंडावरचं फडकं खाली घेतलं, समोर वळून एकेक शब्द सुटा बोलल्या. आजकाल असं बोलणारे राहिले नाहीत.

आधी कानात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाल्या, पडदा शाबूत आहे, मळ नाही, आणि तेल घातलं नाही हे फार बरं केलं. मग यशश्रीला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. ऐकू आलं की बोट वर करायचं. मी बाहेरून काचेतून पाहत होतो. बोट वर, बोट वर, बोट वर. मग बाई बटण फिरवत होत्या आणि बोट मांडीवरच होतं. यशश्री शांतपणे समोर बघत होती, जणू काही वाजतच नव्हतं. मला वाटलं आपणच काच ठोकून सांगावं, अगं, वाजतंय!

मग कागदावर एक रेघ दाखवली. सरळ चाललेली, आणि एका जागी खड्ड्यात पडलेली.

मी म्हणालो, "बाई, म्हणजे कान बसतो आहे ना?"

त्या म्हणाल्या, "कान बसत नाही, आजोबा. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाज आतल्या नसेपर्यंत त्याच पोचवतात. मोठ्या आवाजाने त्या वाकतात. आराम मिळाला तर बऱ्याचदा सावरतात. पुन्हा पुन्हा मार बसला तर मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तुमच्या कारागिराचा त्रास थांबतो तो कान तयार झाला म्हणून नाही. तक्रार करणारंच आत कोणी उरत नाही, म्हणून."

मग मला पत्रा आठवला. नवा पत्रा जरा वाकवून सोडला तर परत जागेवर येतो. जास्त वाकवला तर मोड पडते. त्याच मोडीवर पुढे-मागे करत राहिलं तर तुटतो. बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच. आता हिच्या कानात मोड पडली आहे की तो नुसता वाकला आहे, हे आज सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू."

"औषध?"

"आत्ता शांतता. ताशा बंद, डीजे बंद, कानात गाणी बंद. ती शिट्टी म्हणजे लाल सिग्नल होता. थांबायला हवं होतं."

यशश्री म्हणाली, "मॅडम, इंजिनवाल्या मुलीने सिग्नल तोडला." आणि हसता हसता रडली.

बाई म्हणाल्या, घरातलं साधं बोलणं चालतं. साधं म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं. परत जायची लाज वाटली.

३० ऑगस्ट, शनिवार

साधं म्हणजे किती हे माहीत नसेल तर कमीत कमी ठेवलेलं बरं. मी घरात नियम केले. यशश्री घरात असो वा नसो, सगळ्यांनी कुजबुजायचं. कुकर बंद, डाळ पातेल्यात. मिक्सर बंद. आरतीला झांज नाही, घंटा नाही, टाळ्यासुद्धा बोटांनी. शेजारी जाऊन टीव्ही कमी करायला सांगितला.

सूनबाई गीतांजली 'हो बाबा' म्हणाली. अंजनी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळ्यात मोठा भोंगा त तुम्हीच आहा. नियम सांगून राहिले तेबी बोंबलून! कोपऱ्यावरचा पानवाला वळून पाहून राहिला."

मी म्हटलं, आजपासून मीही तोंड उघडणार नाही. आणि उघडलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

घरात माझ्याशी कोणी बोलत नाही.

दोन दिवस वाटलं, नियम पाळताहेत. पण जेवताना पाहिलं. सचिनचे ओठ हलत होते, गीतांजली हसली, यशश्रीने काहीतरी उत्तर दिलं. मला एक शब्द ऐकू आला नाही. म्हणजे आपापसांत चाललं आहे, फक्त माझ्यापर्यंत येऊ देत नाहीत. माझ्याकडे वळले तरी नुसते ओठ हलवतात, बोलल्याचं नाटक. मी 'अं?' केलं की पुन्हा तसंच. मग नाद सोडतात.

समजलं मला. जलेबी कोणी आणली? बोंडं कोणी काढायला लावली? तोंडावर बोलत नाहीत, एवढे संस्कार आहेत. पण माफही करत नाहीत. बरोबरच आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी यशश्री बासरी घेऊन माझ्या खुर्चीशेजारी बसली. ती मात्र नियमाची पक्की. बासरी ओठाला लावली, पण फुंकली नाही, नुसती बोटं फिरवत राहिली. कितीतरी वेळ. मधून मधून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी मान हलवून म्हटलं, शाबास, अशीच गप्प राहा. तिने बासरी मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तिच्या मनात तपासणीचीच भीती असणार.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ठरवलं. शहपुऱ्याला धाकटा भाऊ आहे, शेती आहे, त्याच्याकडे जाऊन राहावं. ज्या घरात आपल्याला बघून शब्द आटतात तिथे का राहायचं? उद्या विसर्जन झालं की निघायचं. पिशवी भरली. दोन धोतरं, गोळ्या, ही डायरी. अंजनीने पिशवी पाहिली आणि ओठ हलवून काहीतरी म्हणाली. तीसुद्धा! संसारात ती माझ्याशी कधी हळू बोलल्याचं आठवत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

आज मी किती मूर्ख ठरलो ते लिहितो. लिहिताना हसू येतं, म्हणून अक्षर आणखीच वाकडं.

घरच्या गणपतीचं दुपारीच नदीवरच्या ग्वारीघाटाजवळच्या कुंडात विसर्जन केलं. परत आल्यावर मी पिशवी काखेत मारली आणि दाराशी गेलो. तेवढ्यात यशश्री आडवी आली. ओठ हलवले. मी मान फिरवली. मग तिने हाताने खूण केली. अंगठा छातीला लावून पंजा पुढे. आमच्या शेडमध्ये ठोकाठोकीत कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी चालतं. अंगठा छातीला म्हणजे 'काम थांबव, माझ्याकडे बघ'. लहानपणी शेडमध्ये खेळायची तेव्हा शिकली असेल.

मी पाहिलं. तिने पिशवीकडे बोट केलं आणि मूठ फिरवली, 'हे काय?'

मी म्हणालो, "तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मी चाललो."

ती माझ्या अगदी तोंडासमोर आली आणि नेहमीसारखी खच्चून ओरडली, "आजोबा! आम्ही रोज बोलून राहिलो! तुम्हीच म्हटलं ना, कुजबुजा!"

"मग मला काहून ऐकू येत नाही?"

सचिन खाली बघत होता. शेवटी अंजनी पुढे आली, पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "कारण या घरात तुमच्यासाठी सारेच ओरडतात. सून आली तेव्हा किती हळू बोलायची. आता रेल्वेचा भोंगा झाली बिचारी."

गीतांजली म्हणाली, "आई, काहीही काय!" आणि तेही मला ऐकू आलं, म्हणजे ओरडूनच म्हणाली असणार.

मला आधी राग आला. मग असं हलकं हलकं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसलो. माझ्यावर कोणी रागावलेलं नव्हतं! आठ दिवस मी उगाच गुन्हेगारासारखा फिरत होतो. मी यशश्रीला विचारलं, "जलेबीचा राग नाही?" ती म्हणाली, "जलेबी तर मस्त होती."

संध्याकाळी मोठी मिरवणूक निघाली. ती वाजवायला गेली नाही. आम्ही दोघं लांबच्या गल्लीत उभे राहून पाहिली. तिने बोंड बोटांत वळून बारीक केलं, कान वर ओढून आत घातलं, फुगेपर्यंत दाबून धरलं. मग दुसरी जोडी काढली आणि माझ्याही कानात घातली. मी म्हणालो, "आता माझं काय वाचवायचं?" ती म्हणाली, "जे आहे ते." मग हात लांब करून माझ्या खांद्याला लावला. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंय, हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागलं, तर तिथला आवाज कानाला जड आहे.

पथक पुढून गेलं. तिची बोटं मांडीवर ताशा वाजवत होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रेघ सरळ झाली!

काचेबाहेर मी डोळे मिटून उभा होतो. उघडले तेव्हा बाई बटण फिरवत होत्या आणि यशश्रीचं बोट वर होतं. पुन्हा वर. शेवटपर्यंत वर. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. खड्डा भरून आला होता. शिट्टीही चार दिवसांपूर्वीच थांबली, असं यशश्री म्हणाली. पत्रा नुसता वाकला होता, मोड पडली नव्हती. बाई म्हणाल्या, "या वेळी सुटली. पण रेघ सरळ दिसली तरी मार विसरायचा नाही. ताशा वाजवायचा असेल तर बोंडं घालून, उघड्यावर, मध्ये मध्ये थांबून. इंजिनावरही कान झाकायचे."

मग म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही बसा."

मी बसलो. बोट बऱ्याचदा वर केलं. काही वेळा अंदाजाने केलं, ते त्यांनी पकडलं. माझी रेघ अर्ध्या वाटेत कड्यावरून खाली. बाई म्हणाल्या, वरचे, बारीक आवाज तुमचे कधीच गेलेत. पाखरं, घंटी, बायका-मुलांच्या बोलण्यातले हलके शब्द, बासरी. हे परत येत नाही. पण कानात घालायच्या मशीनने उरलेलं नीट वापरता येईल.

'बासरी' म्हणाल्या तेव्हा यशश्रीने माझा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

दारावरची घंटी बिघडलेली नाही. सचिनला तसं सांगितलं. तो म्हणाला, "चलो, एक दुरुस्ती तो कम हुई."

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल तपासणी झाली. दिवसभर मी पाणीसुद्धा धड प्यायलो नाही. आज सचिनच्या मोबाइलवर कळलं. पास. डोळे, रक्त, कान, सगळं पास. अंजनीने देवापुढे साखर ठेवली आणि आता नियम उरला नाही म्हणून मी घंटाही वाजवली.

मग खव्याची जलेबी घेऊन शेडवर गेलो. सचिनने दाराशी खिळ्यांवर कानावर घालायचे मोठे टोप टांगले आहेत, आणि ठोकायच्या पाटाखाली जाड रबर घातलंय, आवाज दबावा म्हणून. मी सगळ्यांना खुणेने थांबवलं आणि सांगितलं, "आपल्या शेडची रीत बदलली. कान बसल्याची जलेबी बंद. आजपासून जो दिवसभर टोप काढणार नाही त्याला जलेबी. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी."

आमचा जुना कारागीर योगेश म्हणाला, "काकाजी, हा टोप घरी नेऊ का? घरवालीचंबी ऐकू येणार नाही, बहुत बढिया."

मी म्हणालो, "एक दिवस तुला ती खरंच ऐकू येणार नाही, मग समजेल. मी शहपुऱ्याला निघालो होतो." त्याला अर्थ कळला नाही. जलेबी मात्र घेतली, आणि टोपही घातला.

९ नोव्हेंबर, रविवार

यशश्री, आज पुन्हा तुझं नाव घेऊन लिहितो. आता हे पत्र झालं तरी चालेल.

सकाळी तुझी गाडी सुटली. इटारसीला तुझं ट्रेनिंग सुरू होणार. खिडकीची काच बंद होती, तू आतून काहीतरी बोललीस. आईला, आजीला, कोणालाच कळलं नाही. मग तू दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून उघडल्यास. पेटीची शेवटची कड वळली की आम्ही करतो ती खूण, 'माल पक्का'. फलाटावर ती मला एकट्याला कळली. माझ्याबरोबर आलेल्या सगळ्यांना ऐकू येतं, आणि समजलं मला!

मशीन घेऊन बरेच दिवस झाले. अजून सवय नाही. पातेल्यातली फोडणी इतकी तडतडते हे विसरलो होतो, दचकलो. आजी हळू बोलायला लागली आहे आणि मला शंका येते की काहीतरी लपवते. परवा विचारलं, काय कुजबुजतेस? म्हणाली, "तुमची चुगली. आता ऐकू येते ना? ऐका मग."

वीस ऑगस्टच्या पानावर मी बासरीत दम नाही असं लिहिलं होतं. ते आज खोडलं. चार सप्टेंबरचं पान खोडलं नाही. त्या दुपारी तू वाजवत होतीस ना? मला खरं सांग. आणि ताशा काहून घेतलास, तेही सांग. मला वाटतं मला कळलंय, पण माझ्या कळण्याचा भरवसा नाही.

बासरी तू बॅगेत टाकलीस ते मी पाहिलं. एकदा वाजवून मोबाइलवर पाठव. वरचे सूर आले तर आले म्हणेन, नाही आले तर नाही म्हणेन. खोटी टाळी वाजवणार नाही.

इंजिनापाशी उभी राहशील तेव्हा कान झाक. कोणी हसलं तर हसू दे. आणि पोचलीस की लगेच कळव. फोन मला अजून नीट कळत नाही, म्हणून लिहून पाठव, चार शब्द का होईना. रात्रीपर्यंत आलं नाही तर मी आजीला झोपू देणार नाही, तुला माहीत आहे. लवकर कळव.